उरलेली चार मिनिटं

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आठवडाभर पाण्याचे मीटर तपासायचे आणि रविवारी शिव्या खायला जायचे. 'शिव्या खायला' हे ताईचे शब्द. भाऊजी त्याला फुटबॉलचा रेफ्री असणं म्हणायचे. एकवीस वर्षं त्यांनी हे काम केलं, आणि त्यातली सोळा वर्षं मी त्यांच्या मॅचला बाजूच्या रेषेवर लाइनमन म्हणून झेंडा घेऊन धावलो. या नादाला मला त्यांनीच लावलं. मी चपलांच्या दुकानात विक्रेता आहे. "दिवसभर लोकांच्या पायांकडेच बघतोस, तुझ्याइतका ऑफसाइड कुणाला कळणार?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात झेंडा दिला. मी त्यांच्याच घरात, मागच्या खोलीत राहतो आणि ताईच्या हातचं जेवतो. अशा माणसाला नाही म्हणायची सोय नसते.

हे काम माणूस का करतो, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. मी आपला भाऊजींसाठी करत होतो. भाऊजी का करायचे, ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कचेरीत हा माणूस असून नसल्यासारखा. बुटका, सडपातळ, साहेब समोरून आले तर भिंतीला चिकटून वाट देणारा. तोच माणूस काळा शर्ट घालून मैदानात उतरला की त्याचा आवाज बदलायचा, चाल बदलायची, बावीस दांडगे गडी त्याच्या एका बोटावर थांबायचे. पण त्यांना खरी मजा यायची ती शिट्टी वाजवण्यात नाही, न वाजवण्यात. एखाद्याला लाथ बसली, तो कोलमडला, पण चेंडू त्याच्याच जोडीदाराकडे गेला, तर भाऊजी ओठांतली शिट्टी काढायचे, दोन्ही हात पुढे करून 'चालू द्या' म्हणायचे आणि श्वास रोखून बघायचे. त्यातून गोल झाला तर गोल करणाऱ्याला टाळ्या मिळायच्या आणि आमचे भाऊजी पुढचा आठवडाभर जेवताना तेच सांगत बसायचे.

"म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत, त्याचं हे कौतुक चाललंय?" ताई विचारायची.

"अगदी बरोबर," भाऊजी म्हणायचे, "काहीच केलं नाही. जमतं का कुणाला?"

असोसिएशन दरवर्षी नव्या रेफ्रींचा वर्ग घ्यायची. कामातली गोडी कशी टिकवायची, यावर बोलायला ठरल्याप्रमाणे भाऊजी. ते फार बोलत नसत. घरी जाताना शिव्या आठवू नका, आज आपण काय बरोबर बघितलं ते एक आठवा, एवढं सांगून खाली बसायचे. मागच्या बाकावरची पोरं हसायची. मलाही तेव्हा ते भाबडं वाटायचं. पण भाऊजींचं सगळं त्या एका गोष्टीवर उभं होतं. आपण जे बघितलं ते बघितलं, हा त्यांचा विश्वास. मैदानावर हजार माणसं ओरडत असताना एकट्या माणसाला उभं राहायचं असेल, तर दुसरं काय असतं त्याच्याजवळ?

आता घड्याळांचं सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. भाऊजी मॅचला दोन घड्याळं घालायचे. डाव्या हातात चामडी पट्ट्याचं, ते सुरू केलं की धावतच राहायचं. उजव्या हातात रबरी पट्ट्याचं. कुणी जखमी झालं, खेळ थांबला, की ते थांबवायचं आणि खेळ सुरू झाला की पुन्हा सुरू करायचं. मॅच संपवायची ती उजवं बघून. डावं नुसतं सोबतीला. लाइनमन म्हणून माझ्याही हातात एक असायचं, ते उजव्यासारखं. दुसऱ्या बाजूचा लाइनमन घड्याळ घालायचा तो दागिना म्हणून. त्याला किती वाजले तेही धड सांगता यायचं नाही. आणि भाऊजींची एक सवय होती. शेवटची शिट्टी वाजली की त्याच क्षणी दोन्ही घड्याळं शून्यावर आणायची. मॅच झाली, पाटी कोरी.

ती मॅच मोसमातल्या शेवटच्या रविवारी दुपारी होती. एका बाजूला काच कारखान्याची टीम. त्या कारखान्यात खेळाडूंना नोकरी असायची. अर्धा दिवस बाटल्यांच्या पेट्या बांधायच्या, अर्धा दिवस सराव. टीम पहिल्या डिव्हिजनमध्ये आहे तोवर चौदा माणसांची नोकरी पक्की. नवे मॅनेजर आले होते आणि त्यांना हे लाड नको होते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकायला काचवाल्यांना नुसती बरोबरी पुरणार होती, आणि ते एका गोलाने मागे होते.

भाऊजींची ती दोन दिवसांतली तिसरी मॅच. आदल्या महिन्यात त्याच मैदानावर जमावाने एका लाइनमनचे पुढचे दोन दात पाडले होते. तेव्हापासून दोघातिघांनी काम सोडलं होतं आणि उरलेल्यांवर लोड आला होता. दुसऱ्या हाफमध्ये काचवाल्यांचा गोलकीपर खांबावर आपटला. तो उठून उभा राहायला चार मिनिटं लागली. भाऊजींनी उजवं घड्याळ थांबवलं, मी माझं थांबवलं. खेळ सुरू झाला, आम्ही दोघांनी आपापली घड्याळं सुरू केली. मग काचवाले असे काही तुटून पडले की चेंडू पलीकडच्या अर्ध्यात जाईचना. त्यांना कॉर्नर मिळाला, म्हणजे कोपऱ्यातून थेट गोलसमोर चेंडू टाकायची संधी. त्यांचा कॅप्टन, भरघोस मिशांचा पस्तिशीचा गडी, चेंडू ठेवायला स्वतः कोपऱ्याकडे धावला. आणि भाऊजींनी शेवटची शिट्टी वाजवली.

मी मनगटाकडे बघितलं. पंचेचाळीस मिनिटांच्या हाफमधली एकेचाळीस झाली होती.

काय झालं ते मला तिथेच कळलं. दमलेल्या माणसाने चुकीच्या हाताकडे बघितलं होतं. डाव्याकडे. दुसऱ्या कुठल्या धंद्यात एवढ्याशा चुकीने कुणाचं काही जाणार नाही.

या खेळाचा नियम असा आहे की रेफ्री मैदानाबाहेर पडेपर्यंत त्याला आपली चूक सुधारता येते. रेषा ओलांडली की संपलं. मधल्या वर्तुळापासून कपडे बदलायच्या खोलीपर्यंत साठेक पावलं. मी धावत भाऊजींच्या शेजारी गेलो. जिंकणाऱ्या टीमची माणसं दोर ओलांडून आत आली होती, नाचत होती, एकाने शर्ट काढून फिरवायला घेतला होता. त्यांना आता सांगायचं, की थांबा, अजून चार मिनिटं आहेत, आणि समोरच्यांचा कॉर्नर आहे. मला त्या लाइनमनचे दात आठवले. काचवाल्यांचा कॅप्टन भाऊजींच्या समोर आला आणि म्हणाला, "साहेब, आमचा गोलकीपर पडला होता, तो वेळ?"

"धरलाय," भाऊजी मैदानावरच्या आवाजात म्हणाले.

कॅप्टनने माझ्याकडे बघितलं. मी झेंडा गुंडाळत होतो. आम्ही रेषा ओलांडली.

मी घाबरलो. दुसरं काहीतरी कारण असावं म्हणून मी वर्षभर शोधलं, सापडलं नाही.

खोलीत एक बाक, एक गळका नळ आणि तुटलेला आरसा. भाऊजी बाकावर बसले आणि दोन्ही मनगटं मांडीवर ठेवून बघत राहिले. दोन्ही घड्याळांवर शून्य. माझंही मी तोवर शून्यावर आणलं होतं. तेवढं मात्र मला बरोबर सुचलं.

"अरे," ते म्हणाले, "मी कुठल्या हाताकडे बघितलं?"

मी बुटाची नाडी सोडत राहिलो.

"मला चामडी पट्टा दिसतोय डोळ्यासमोर. स्पष्ट. तुझं किती झालं होतं?"

"पूर्ण," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. तुमच्याबरोबरच."

त्यांनी मोठा श्वास सोडला, मॅचचा रिपोर्ट काढला आणि लिहायला घेतलं. रिपोर्टवर सही एकट्या रेफ्रीची असते, लाइनमनची नाही. सामना पूर्ण वेळ झाला, असं लिहून त्यांनी खाली सही केली. काचवाल्यांनी तक्रार केली, तिच्यावर असोसिएशनची बैठक झाली. प्रेक्षकांपैकी कुणी मॅच दोन मिनिटं आधी संपली म्हणे, कुणी दहा. सेक्रेटरींनी मला विचारलं, मी पूर्ण म्हणालो, तक्रार निकालात निघाली. तीन आठवड्यांत कारखान्याने टीम बंद केली आणि चौदा माणसांना घरी पाठवलं. ही बातमी भाऊजींनी वाचली आणि मला म्हणाले, "वाईट झालं रे. पण वेळ झाली होती, त्याला आपण काय करणार?"

मला वाटलं, चला, निदान हा माणूस वाचला. मी किती मूर्ख आहे ते पुढे कळलं.

भाऊजींचे वडील शेवटची सहा वर्षं कुणाला ओळखत नव्हते. त्यांच्या त्या आजाराची सुरुवात विसरण्याने झालीच नव्हती. ते न घडलेल्या गोष्टी सांगायला लागले होते. सकाळी पोस्टमन येऊन गेला, त्याची पिशवी फाटली होती, असं अगदी बारकाव्यानिशी सांगायचे, आणि त्या दिवशी पोस्टमन आलेलाच नसायचा. आता भाऊजींच्या डोळ्यासमोर चामडी पट्टा होता, आणि मी सांगितलं होतं की तसं काही झालंच नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा काढून घेतला.

आधी घरात दिसायला लागलं. गॅस बंद केला की नाही बघायला तीनदा उठायचे. मग चिठ्ठ्या आल्या. 'दार लावलं, सव्वानऊ.' 'हिला निरोप दिला.' कचेरीत एकेका मीटरचा आकडा चारचारदा वाचायचे, मग शेजारच्या माणसाला वाचायला लावायचे. तो वैतागला आणि साहेबांकडे गेला. ताई आधी हसण्यावारी न्यायची. "मी तुमची बायकोच आहे ना, तेही एकदा लिहून ठेवा," असं म्हणायची. एके दिवशी त्यांनी खरंच खिशातून चिठ्ठी काढून बघितली, तेव्हापासून ती हसेनाशी झाली.

आणि मैदानावर तर बघवत नव्हतं. 'चालू द्या' म्हणणारा माणूस कशालाही शिट्टी वाजवायला लागला, कारण थांबून बघायची त्याची हिंमत राहिली नव्हती. शिट्टी वाजवली की माझ्याकडे बघायचे, मी मान हलवली की निकाल द्यायचे. मिनिटामिनिटाला मनगटं बघायचे. लोकांनी त्यांचं नाव 'घड्याळजी' ठेवलं. एकवीस वर्षांत भाऊजींना कधी टोपणनाव लागलं नव्हतं. परत येताना आता ते काहीच आठवून सांगत नसत. एकदा फक्त म्हणाले, "आज मी काय बघितलं ते तूच सांग." मी काहीतरी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढचा मोसम संपता संपता त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आणि असोसिएशनला राजीनाम्याचं पत्र लिहिलं. पत्र मला दाखवलं. प्रकृतीच्या कारणास्तव, एवढंच होतं त्यात. "डॉक्टर काय सांगतील ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुझ्या ताईला मात्र एवढ्यात सांगू नकोस. बाबांच्या वेळी तिनेच सगळं काढलंय. पुन्हा तेच तिच्या वाट्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानातून सुटी काढून त्यांच्या कचेरीत गेलो. तळघरात लांब टेबल, त्यावर ओळीने मीटर बसवलेले, काचेखाली काटे फिरत होते, पाण्याचा एकसारखा आवाज. भाऊजी एकटेच होते, समोर वही. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुम्ही डाव्याकडेच बघितलं होतं. माझ्या घड्याळात एकेचाळीस झाली होती. मी घाबरलो म्हणून बोललो नाही, आणि नंतर खोटं बोललो.

भाऊजींनी पेन खाली ठेवलं. मग हसले. मी शपथेवर सांगतो, ते लहान मुलासारखे हसले. "म्हणजे पट्टा होता," ते म्हणाले. "चामडीच होता. म्हणजे मला काही झालेलं नाही." त्यांनी वही मिटली, वर्षभरात पहिल्यांदा आकडा पुन्हा न वाचता मिटली, आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. तेवढाच वेळ त्यांना मिळाला असेल, अर्धं मिनिट. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि त्यांनी विचारलं, "मग ती चौदा माणसं?"

मला वाटलं होतं, आता ते माझ्यावर ओरडतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. त्यांनी नळ बंद केले, सगळे मीटर थांबले, आणि म्हणाले, "चल. कॅप्टनचं घर शोधू."

कॅप्टन तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होता. आता तो एका गोदामात खोकी उचलायचा. आम्ही गेलो तेव्हा पाळी संपवून आला होता आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसला होता. मिशा काढून टाकल्या होत्या, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. त्याने बसा म्हटलं. भाऊजी बसले नाहीत. सरळ उभे राहून, मैदानावरच्या आवाजात नाही, कचेरीतल्या आवाजात, सगळं सांगितलं.

त्याने पाण्यात पाय हलवले. "साहेब," तो म्हणाला, "त्या चार मिनिटांत आम्ही गोल केलाच असता असं मी म्हणत नाही. मॅनेजरला निमित्तच पाहिजे होतं, ते त्याला पुढच्या वर्षीही मिळालं असतं. पण ती चार मिनिटं आमची होती."

"हो," भाऊजी म्हणाले.

"मी वर्षभर घरात सांगतोय की वेळ बाकी होती. बायको म्हणते, हरणारे सगळे असंच म्हणतात." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "आणि हे? यांच्या हातात घड्याळ होतं. बैठकीत हे पूर्ण म्हणाले."

मी खाली बादलीकडे बघितलं.

"त्याने मला खूण केली होती," भाऊजी म्हणाले. "मी बघितली नाही. नंतर बैठकीत माझी अब्रू जाऊ नये म्हणून तो तसं बोलला. घरचा माणूस आहे."

त्यांचं खोटं बोलणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते त्यांना नीट जमलंही नाही, 'खूण' म्हणताना शब्द अडखळला. पण कॅप्टन आता ऐकत नव्हता. त्याने पाय पुसले, बादली उचलली आणि मोरीत ओतायला गेला. तो पुन्हा बाहेर येईना, तेव्हा आम्ही जिना उतरलो.

राजीनाम्याचं पत्र भाऊजींनी फाडलं आणि दुसरं लिहिलं. कॅप्टनला सांगितलं तेच, त्याच शब्दांत, खुणेसकट. खाली सही त्यांची एकट्याची. असोसिएशनने त्यांचं नाव कायमचं काढून टाकलं, चुकीच्या रिपोर्टसाठी. बिल्ला परत मागवला. निकाल मात्र बदलता येत नाही, रेषा ओलांडून वर्ष झालं होतं. काचवाल्यांच्या टीमला असोसिएशनने खेद व्यक्त करणारं पत्र पाठवलं. ती टीमच नव्हती, म्हणून ते पत्र कारखान्याच्या फाटकावरून परत आलं.

मला सेक्रेटरींनी बोलावून घेतलं. "वाईट वाटून घेऊ नको," ते म्हणाले, "मेहुण्यासाठी माणूस एवढं करतो. मैदानावर तू आपलं काम चोख केलं होतंस, ते पत्रात स्पष्ट आहे. पुढच्या मोसमापासून तू शिट्टी घे. रेफ्री उरलेत कुठे आता?"

बोलायची वेळ तीच होती. टेबलापलीकडे एक माणूस, ना जमाव, ना दगड. मी मान हलवली आणि पुढच्या मोसमातल्या पहिल्या मॅचचं नेमणुकीचं कार्ड घेऊन बाहेर आलो.

घरी ताई भाजी आणायला गेली होती. भाऊजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. चिठ्ठ्या आता कुठे नव्हत्या. डोकं शाबूत होतं, आणि रविवारी त्या शाबूत डोक्याने करायला काही उरलं नव्हतं. मी कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "भाऊजी, तुम्ही माझ्यासाठी खोटं का लिहिलंत?"

त्यांनी कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं. "दोघांनाही काढलं असतं," ते म्हणाले. "मग रविवारी तिथे जाणार कोण? आधीच माणसं नाहीत." एक शेंग सोलून झाल्यावर पुढे म्हणाले, "माझं काय, मी वीस वर्षं मजा केली. एक वर्ष गेलं वाया. तुझी तर अजून सगळी राहिली आहे. तुला आवडतं ना रे हे काम?"

काचवाल्यांच्या त्या मॅचपासून कुणाला कॉर्नर मिळाला की माझी नजर मनगटाकडे जाते आणि चेंडू कुठे आहे ते मला दिसत नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. ते उत्तराची वाट बघत होते, आणि वर्षभरात मी त्यांच्या तोंडावर एवढी उत्सुकता बघितली नव्हती.

"आवडतं की," मी म्हणालो.

"मग झालं तर," भाऊजी म्हणाले, आणि कार्ड बाजूला सारून, मध्यभागातून कोपऱ्याकडे रेफ्रीने कसं तिरकं धावायचं असतं, ते मटाराचे दाणे टेबलावर मांडून मला दाखवायला लागले.